'रिंग'ला मराठीत एकच शब्द? तो 'वलय' तर नक्कीच नाही

आधी प्रश्न माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही पंप बनवणाऱ्या एका कंपनीचं मेंटेनन्स मॅन्युअल आणि सोबतची सेफ्टीची पुस्तिका इंग्रजीतून मराठीत करताय, पहिलंच मोठं काम आहे, त्यात 'रिंग' हा शब्द साठेक वेळा आलाय, एजन्सी म्हणते की एका इंग्रजी शब्दाला सगळीकडे एकच मराठी शब्द हवा, तुम्ही डिक्शनरी बघून 'वलय' ठरवलंत, आणि मग 'धोका दिसल्यास घंटा वलय करा' असलं काहीतरी व्हायला लागलं तेव्हा इथे विचारायला आलात. योग्य वेळी आलात. मी बावीस वर्षं हेच काम करतेय, शेतीची माहितीपत्रकं, औषधांची पत्रकं, मशिनरीची मॅन्युअलं, मध्ये काही वर्षं सबटायटल्ससुद्धा, आणि 'रिंग'ने मला एकदा नाही चांगलं चारपाचदा तोंडघशी पाडलंय, त्यामुळे उत्तर लांब होणार, चहा घेऊन बसा.

मुळात तुमची अडचण शब्दाची नाहीच, एजन्सीच्या नियमाची आहे. 'एकाला एक' हा नियम चुकीचा नाही, फक्त तो वस्तूला लागू होतो, स्पेलिंगला नाही. म्हणजे पान १२ वर ज्या भागाला तुम्ही 'ओ-रिंग' म्हणालात त्याच भागाला पान ४० वर 'रबरी कडं' म्हणू नका, नाहीतर फिटर दोन वेगळे पार्ट शोधत बसेल. नियमाचा अर्थ एवढाच. ओ-रिंग, रिंग पाना आणि अलार्म वाजवणं या तीन वेगळ्या गोष्टी आहेत, इंग्रजीत त्यांची अक्षरं जुळली म्हणून मराठीतही जुळली पाहिजेत असा कोणताच नियम नाही.

आता हे अक्षर जुळण्याचं थोडं सांगते कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. इंग्रजीत 'रिंग' हा एक शब्द नाहीच, ते दोन वेगवेगळे शब्द आहेत जे एकाच कपड्यात फिरतात. एक कड्यावाला आणि एक आवाजवाला. जुन्या इंग्रजीत दोघांच्याही पुढे 'ह' होता, ह्रिंग, पण कुळं वेगळी. वाजण्याचा जो आहे तो आवाजाच्या नकलेतून आलेला, आपल्या खणखण, किणकिण सारखा. ओळखायची सोपी खूण म्हणजे भूतकाळ बघा. घंटा वाजली तर 'रँग' आणि 'रंग', पण पोलिसांनी घराला वेढा घातला किंवा पक्ष्याच्या पायात कडं घातलं तर 'रिंग्ड'. ही खूण मी शिकाऊ मुलांना पहिल्या दिवशी सांगते, कारण सॉफ्टवेअरच्या फाईलमध्ये एका सेलमध्ये नुसतं 'रिंग' लिहिलेलं येतं, पुढेमागे काही नाही, आणि ते बटण आहे का दागिना आहे का फोनची सेटिंग आहे हे देवालाच ठाऊक. तिथे अंदाज करायचा नाही, स्क्रीनशॉट मागायचा. (तिसरा एक भाऊबंद आहे, पिळणे या अर्थाचा, उच्चार तोच पण स्पेलिंगमध्ये आधी मुका डब्ल्यू. सबटायटल्स ऐकून करताना एकदा एक बाई काळजीने हात चोळत होत्या, आणि आमच्या टीममधल्या एकाने लिहिलं 'तिने हातात अंगठ्या घातल्या'.)

आवाजवाला भाग पटकन संपवते कारण तो सोपा आहे. वाजणे, वाजवणे, खणखणणे यात नव्वद टक्के काम होतं. फोनला आपण सरळ 'रिंग' म्हणतो, 'नुसती रिंग जातेय', 'पोचलास की रिंग दे', ते मराठीच झालंय आता, बदलायला जाऊ नका. एखादी गोष्ट खरी वाटते याला इंग्रज म्हणतो ती खरी 'रिंग' करते, हे नाण्यावरून आलं, आणि गंमत म्हणजे आपल्याकडे अगदी हीच कल्पना आधीपासून आहे, खणखणीत नाणं, वाजवून घेणे, बद्द वाजणे. आजीसोबत कुंभाराकडे गेला असाल तर माठ बोटाने वाजवून घेताना पाहिलं असेल, तेच ते. त्यामुळे इथे भाषांतर करायची गरजच नाही, आपलंच काढून वापरायचं. तुमच्या पुस्तिकेत जिथे घंटा, अलार्म, फोन आहे तिथे डोळे मिटून 'वाजवा' आणि 'फोन करा' लिहा.

खरी मजा आणि खरा त्रास कड्यावाल्या रिंगमध्ये आहे.

तुम्ही 'वलय' का निवडलंत ते कळतं. डिक्शनरीत पहिल्या दोनतीन अर्थांत ते असतं आणि आपल्या डोक्यात बसलेलं असतं की रिंग म्हणजे गोल. इथेच गाडी चुकते. बॉक्सिंगची रिंग बघा, चौकोनी असते. आधी मोकळ्या मैदानात लोक कोंडाळं करून उभे राहायचे आणि मधे दोघं भिडायचे, ते कोंडाळं म्हणजे रिंग, मग १८३८ साली लंडनच्या नियमांत ती २४ फुटांची चौकोनी आखली, खुंट्या आल्या, दोर आले, नाव मात्र तेच राहिलं. बांधकामावर जा, कॉलमच्या उभ्या सळयांना आडवे बांधतात त्यांना सळईवाले काय म्हणतात? रिंगा. 'सहा इंचावर रिंगा मारल्यात' वगैरे. त्या चौकोनी नाहीतर लांबट, गोल कॉलम असेल तरच गोल. रसायनशास्त्रात बेंझीनच्या रेणूची रिंग केकुले या शास्त्रज्ञाने १८६५ मध्ये मांडली, ती षटकोनी. पिस्टनची रिंग गोल असते पण पूर्ण नसते, तिला फट ठेवलेली असते, नाहीतर ती खाचेत चढणारच नाही आणि गरम झाली की फुगायला जागा मिळणार नाही, म्हणून तर मेकॅनिक रिंगा बसवताना फटी एकाखाली एक येऊ देत नाही.

आणि आपण तरी काय वेगळे आहोत! वारीतलं उभं रिंगण आठवा. माउलींच्या पालखीचं पहिलं उभं रिंगण चांदोबाच्या लिंबाला होतं, दिंड्या रस्त्याच्या दोन बाजूंना उभ्या आणि मधून अश्व धावतो. सरळ रेषेत. त्यात गोल काहीही नाही, तरी ते रिंगणच, आणि कुठल्या वारकऱ्याला 'हे रिंगण कसं हो?' असा प्रश्न पडल्याचं मी ऐकलं नाही. (रिंग आणि रिंगण ऐकायला सारखे वाटतात म्हणून नातं जोडायला धावू नका, वारकऱ्यांनी शब्द साहेबाकडून उसना घेतलेला नाही. नुसत्या आवाजावरून नाती जुळवणं हा आपल्याकडचा आवडता खेळ आहे, खेळ म्हणून ठीक.)

तर मग या सगळ्यांत सारखं काय? माझं उत्तर एका शब्दात, 'भोवती'. रिंग कशाच्या तरी भोवती असते. बोटाभोवती, पिस्टनभोवती, सळयांभोवती, शहराभोवती, दोन पैलवानांभोवती. म्हणून मी दर वेळी स्वतःला दोन प्रश्न विचारते, हे कशाच्या भोवती आहे आणि तिथे काय काम करतंय. आकार विचारत नाही. या दोन प्रश्नांची उत्तरं आली की मराठी शब्द बहुतेक वेळा आपोआप जिभेवर येतो, कारण मराठीने नावं ठेवताना नेमकं हेच बघितलंय, कुठे आहे आणि काय करतंय.

दागिन्यांचंच घ्या. हाताच्या बोटात अंगठी, पायाच्या बोटात जोडवी, नाकात नथ, कानात बाळी. इंग्रजीत सगळ्याच रिंग, फक्त आधी अवयवाचं नाव लावायचं. आणि कानातली 'इअररिंग' गोल असेल तर बाळी किंवा रिंग, पण मोत्यांची फुलासारखी असेल तर कुडी, लोंबती असेल तर डूल किंवा झुमका, त्यामुळे कथेत नुसतं 'इअररिंग' आलं तर बाई कोण, कुठली, काळ कुठला हे बघून ठरवावं लागतं. गडबड असेल तर 'कानातलं' लिहून मोकळं व्हा, मराठीतला फार सोयीचा शब्द आहे तो. अंगठीच्या बोटाला इंग्रजीत नावच 'रिंग फिंगर' आणि आपल्याकडे अनामिका, म्हणजे नाव नसलेली, हे मला दर वेळी मजेशीर वाटतं.

आता माझी फजिती. काम नवीन होतं, जनावरांच्या निगेवर एक पुस्तिका आली, त्यात वळूच्या नाकातल्या 'नोज रिंग'बद्दल अर्धं पान होतं आणि मी शहाणीने सगळीकडे 'नथ' लिहिलं. डिक्शनरीत तेच होतं की! आमचे प्रूफ बघणारे एक वयस्कर काका होते, गावाकडे शेती असलेले, त्यांचा फोन आला, 'ताई, बैलाला नथ घातलीत, आता मुंडावळ्या पण बांधा म्हणजे लावून टाकू लग्न.' आपल्याकडे नाकातून घालतात ती वेसण, ती दोरीची असते, आणि पुस्तिकेतली होती धातूची, म्हणून शेवटी काकांनीच सांगितलं 'नाकातली कडी लिहा, पहिल्यांदा येईल तिथे कंसात वेसणीसारखी असं टाका'. तेव्हापासून कशाच्या भोवती याच्या जोडीला कोणाच्या नाकात हेही मी विचारते.

औषधांच्या पत्रकात अशीच एक फसगत असते, 'रिंगवर्म'. एका शिकाऊ मुलाने 'वलयकृमी' असा झोकदार शब्द तयार करून आणला होता. आजार बुरशीचा, किड्याचा काही संबंध नाही, इंग्रजीने फक्त कातडीवरचा गोल चट्टा पाहून ते नाव ठेवलंय. आपल्याकडे गजकर्ण आहे, नायटा आहे. म्हणजे त्यांनी अळी बघितली, आपण हत्तीचा कान बघितला, बुरशी कोणीच बघितली नाही. पत्रक वाचणाऱ्याला मलम कशासाठी ते कळायला हवं, म्हणून नायटा किंवा गजकर्ण, विषय संपला.

शेतीत तर मराठीने मला लाजवलं. फळझाडांना खत द्यायच्या 'रिंग मेथड'वर मी 'वर्तुळाकार पद्धत' लिहून पाठवलं होतं. कृषी खात्यात काम केलेल्या एका ओळखीच्यांनी वाचून सांगितलं, 'शेतकरी याला बांगडी पद्धत म्हणतो.' बांगडी! खोडापासून लांब, झाडाच्या विस्ताराच्या कडेने चर काढायचा, त्यात खत घालायचं आणि मातीने बुजवायचं, कारण अन्न घेणारी बारीक मुळं खोडाशी नसतात, बाहेरच्या बाजूला असतात. हातात बांगडी जशी मनगटाला न चिकटता भोवती असते तसंच ते. शब्दात चित्रही आलं आणि कृतीही. आणि पाणी द्यायला खोडाभोवती करतो ते आळं, तेही कुठे कुठे इंग्रजीत 'रिंग बेसिन' असतं. असे शब्द डिक्शनरीत सापडत नाहीत, बांधावर सापडतात.

इथवरचं थोडक्यात धरून ठेवा. वाजणारी आणि भोवतीची अशा दोन रिंगा आधी वेगळ्या करायच्या, मग भोवतीच्या रिंगला विचारायचं कशाच्या भोवती आणि कशासाठी, आणि गोल आहे का हा प्रश्न शेवटी. आता तुमच्या पंपाकडे येते.

इथे एक गोष्ट परिस्थितीवर आहे, ती आधीच कबूल करते. मॅन्युअल वाचणार कोण? शॉप फ्लोअरवरचा फिटर वाचणार असेल तर पार्टची नावं तो जी बोलतो तीच ठेवायची. सरकारी निविदेची कागदपत्रं असतील तर भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश बघावे लागतात आणि तिथला शब्द तुम्हाला आवडो न आवडो घ्यावा लागतो. पाठ्यपुस्तक असेल तर अजून तिसरं. मी तुमचं काम फिटरसाठी आहे असं धरून चालते.

ओ-रिंग ही ओ-रिंगच. घरी कुकरच्या झाकणातल्या रबराला आपण 'कुकरची रिंग' म्हणतो, ती दाबली जाऊन वाफ अडवते, ओ-रिंगचं काम तेच, दोन भागांच्या मधे दबून राहायचं आणि गळू द्यायचं नाही. २८ जानेवारी १९८६ ला चॅलेंजर यान उडाल्यावर ७३ सेकंदांत सातही अंतराळवीरांसह गेलं ते बूस्टरच्या सांध्यातली ओ-रिंग थंडीने कडक झाल्यामुळे, दबलेलं रबर परत फुगून फट भरू शकलं नाही. फाइनमन या शास्त्रज्ञाने चौकशीच्या वेळी सगळ्यांसमोर तिच्या रबराचा तुकडा बर्फाच्या पाण्यात घालून दाखवला होता. हे एवढ्यासाठी सांगतेय की मॅन्युअलमध्ये 'ओ-रिंग तपासा' या दोन शब्दांवर बरंच काही अवलंबून असतं, तिथे 'ओ-वलय' लिहून फिटरला विचारात पाडू नका.

'वेअर रिंग' तुमच्या यादीत नक्की असेल. इंपेलर (पंपातलं पाणी ढकलणारं फिरतं चाक) आणि केसिंग (त्याच्या बाहेरचं कवच) यांच्या मधे बसते, स्वतः झिजते आणि त्या दोन महागड्या भागांना झिजू देत नाही, शिवाय तिथली फट कमी ठेवते म्हणून पाणी उलटं फिरत नाही. मशीन ट्रान्सलेशनने याचं 'परिधान वलय' केलेलं मी पाहिलंय, कपडे घालण्याचा 'वेअर' धरून! तुमच्या फाईलमध्ये आधीच भरून आलेलं भाषांतर असेल तर हे खास तपासा. मी 'वेअर रिंग' ठेवते आणि पहिल्यांदा येईल तिथे एक वाक्य घालते, 'वेअर रिंग म्हणजे इंपेलरऐवजी झिजणारी बदलता येणारी रिंग'. 'लँटर्न रिंग' पण तशीच, ग्लँड पॅकिंगच्या (शाफ्ट म्हणजे फिरत्या दांड्याभोवती गळती अडवायला भरतात त्याच्या) मधोमध बसते, तिला भोकं असतात त्यातून पाणी आत जाऊन पॅकिंग थंड ठेवतं, तिला 'कंदील कडं' करू नका, दिवाळी वाटते. 'रिटेनिंग रिंग' असेल तर चित्र बघा, शाफ्टच्या खाचेत बसणारी, दोन टोकांना भोकं असलेली असेल तर दुकानात तिला सर्क्लिप म्हणतात, तोच शब्द घ्या.

रिंग स्पॅनरला 'रिंग पाना'. हा शब्द गॅरेजमध्ये पोराटोरांना पण माहीत असतो. साधा उघड्या तोंडाचा पाना नटाला दोन बाजूंनी धरतो, रिंग पाना चहूबाजूंनी धरतो म्हणून जोर लावला तरी घसरत नाही आणि नट गोल होत नाही. (बघा, इथे गोल होणं म्हणजे वाटोळंच.) मॅन्युअलमध्ये खास रिंग पानाच वापरा असं लिहिलंय ते याच कारणासाठी, त्यामुळे तिथे नुसतं 'पाना' लिहून भागणार नाही.

पंप उचलायची जी 'लिफ्टिंग रिंग' आहे तिथे 'उचलायची कडी' चालेल, साखळीचा हुक त्यात अडकवायचा असतो आणि दाराच्या कडीमुळे ते चित्र डोळ्यांसमोर लगेच येतं. 'रिंग मेन' आलं असेल, पाण्याचं किंवा विजेचं, तर ते तसंच ठेवा. आगीच्या पाण्याची लाईन सगळ्या प्लँटभोवती फिरवून परत सुरुवातीला जोडतात म्हणजे एका बाजूला फुटली तरी दुसऱ्या बाजूने पाणी पोचतं, ती रिंग मेन. विजेतही कल्पना तीच. याचं 'वर्तुळाकार मुख्य वाहिनी' केलंत तर वाचणाऱ्याला नकाशावर वर्तुळ शोधावं लागेल आणि तिथे बहुधा आयत सापडेल.

आणि पुस्तिकेत गळती झालेल्या भागाला 'रिंग' करा असं काही असेल तर 'त्या भागाभोवती पट्टी बांधून कोणाला आत जाऊ देऊ नका'. इथे नामाला नाम शोधायचंच नाही, काय करायचं ते सांगायचं.

मग 'वलय' वापरायचं तरी कुठे? वापरायचं की. झाडाच्या खोडातली वलयं, सागाच्या ओंडक्यावर ती छान दिसतात. धुराची वलयं. केकुलेचं बेंझीन वलय. प्रसिद्धीचं वलय, जिथे इंग्रजीत मुळात रिंग नसतंच! वलय या शब्दात मला एक हलकेपणा, तरंगतेपणा वाटतो, हात लावून धरता येत नाही अशी गोष्ट. हातात धरून बसवायची, काढायची, झिजणारी गोष्ट असेल तर कडं, कडी, किंवा सरळ रिंग. हे माझं मत, पुस्तकात सापडणार नाही, पण इतकी वर्षं मला उपयोगी पडलंय.

शनीचं काय, असं कोणीतरी विचारणारच. शनीला दुर्बिणीतून गॅलिलिओने १६१० मध्ये पाहिलं तेव्हा त्याला ते तीन गोळे शेजारीशेजारी वाटले, मग १६५९ मध्ये हायगेन्स या शास्त्रज्ञाने सांगितलं की ग्रहाला कुठेही न टेकणारं एक पातळ चपटं कडं त्याच्या भोवती आहे. पुन्हा तेच, भोवती. मराठीत आपण शनीची कडी म्हणतो आणि ते छान आहे, पण इथे व्याकरणाचा खड्डा आहे. ते कडं, अनेकवचन ती कडी. आणि दाराची असते ती कडी, स्त्रीलिंगी एकवचन, तिचं अनेकवचन कड्या. म्हणून 'शनीची कडी दिसली' यात एक दिसली का अनेक ते कळत नाही, आणि पुढे 'कड्यांमध्ये' म्हटलं की दोन्ही शब्द एकच होऊन जातात, वर डोंगराचा कडा आहेच. पेपरात 'शनीच्या कड्या' पण छापून येतं, म्हणजे लिहिणाऱ्याने दाराची कडी धरली. मी अशा वेळी मुद्दाम क्रियापद किंवा संख्या अशी घालते की गोंधळ होऊ नये, 'शनीभोवतीची सगळी कडी'. तुम्हीही 'उचलायची कडी' लिहिताना 'दोन्ही कड्यांत हुक अडकवा' असं अनेकवचन नीट सांभाळा, 'दोन्ही कडी' नको. आणि टाईप करताना 'कढी' होऊ देऊ नका, स्पेलचेक ते पकडत नाही, मी भोगलंय.

आकाशाचाच अजून एक, 'रिंग ऑफ फायर'. हे दोन ठिकाणी येतं. सूर्यग्रहणात आलं तर कंकणाकृती ग्रहण, जसं २६ डिसेंबर २०१९ ला दक्षिण भारतात दिसलं, तिथे कंकण हा शब्द इतका चपखल आहे की त्याच्यापुढे इंग्रजी फिकं पडतं. भूगोलात आलं तर पॅसिफिकच्या काठाकाठाने जाणारा ज्वालामुखींचा पट्टा, त्यालाही पुस्तकांत अग्निकंकण म्हणतात, मात्र तो आहे घोड्याच्या नालासारखा. ग्रहणाच्या बातमीत ज्वालामुखी आणि भूकंपाच्या बातमीत ग्रहण यायला एक बेसावध रात्रपाळी पुरते.

माणसांच्या रिंगबद्दल थोडं, तुमच्या मॅन्युअलमध्ये नसेल पण पुढे लागेल. हेरांची रिंग म्हणजे जाळं, चोरांची रिंग म्हणजे टोळी, त्यांचा 'रिंगलीडर' म्हणजे म्होरक्या, निवडणुकीत 'रिंग'मध्ये उतरणं म्हणजे रिंगणात किंवा आखाड्यात उतरणं. पण ठेकेदारांची रिंग मात्र मराठीत रिंगच राहिलीय, 'ठेकेदारांनी रिंग करून निविदा भरल्या' हे वाक्य तुम्ही पेपरात वाचलं असेलच, म्हणजे आधीच आपसांत ठरवून घ्यायचं कोणी किती भरायचं आणि काम कोणाला जायचं. लिलावातल्या असल्या रिंगांवर ब्रिटनने १९२७ मध्ये कायदा केला, आपल्याकडे २००२ च्या स्पर्धा कायद्यात संगनमताने बोली लावण्यावर बंदी आहे. इथे कायद्याचा मजकूर असेल तर 'संगनमत' लिहा आणि बातमी असेल तर 'रिंग' खुशाल ठेवा, त्या शब्दाला जो वास आहे तो संगनमताला नाही. गोल टेबलाभोवती बसून ठरवतात म्हणून रिंग का, असं एका मुलाने विचारलं होतं, मी म्हटलं भोवती टेंडरच्या बसतात, टेबल कसलंही असू दे.

माझा 'भोवती'चा नियम कुठे मोडतो तेही सांगते, नाहीतर कोणीतरी खाली येऊन सांगेलच. गणितात. बीजगणितातली रिंग म्हणजे असा संच जिथे बेरीज आणि गुणाकार ठरावीक नियमांनी चालतात, आपले पूर्णांक हे सगळ्यात ओळखीचं उदाहरण. यात कशाच्याही भोवती काही नाही. हिल्बर्ट या जर्मन गणितज्ञाने १८९७ मध्ये हे नाव वापरलं, त्याच्या मनात नेमकं काय होतं यावर लोक अजून चर्चा करतात, घात वाढवत गेलं की परत फिरून आधीच्याच संख्यांत येतो म्हणून, की माणसांच्या टोळीसारखा संख्यांचा एक गट म्हणून. तिथे मराठीत 'वलय' म्हणतात आणि तसंच म्हणायचं, स्वतःचं डोकं लावायचं नाही, कारण ती पारिभाषिक संज्ञा आहे आणि वाचणाऱ्याला व्याख्या माहीत असते.

आता एजन्सीचं काय करायचं ते. भांडू नका, पहिलंच काम आहे. ग्लॉसरीत, म्हणजे ठरलेल्या शब्दांच्या यादीत, नुसती 'रिंग' ही एंट्रीच ठेवू नका, ती काढून टाका आणि तिच्या जागी जोडशब्द घाला, ओ-रिंग, वेअर रिंग, लँटर्न रिंग, लिफ्टिंग रिंग, रिंग स्पॅनर, रिंग मेन, अलार्म वाजवणे, प्रत्येकाला एक आणि एकच मराठी. म्हणजे त्यांचा नियमही पाळला गेला आणि त्यांचं ते तपासणीचं सॉफ्टवेअर लाल खुणा पण करणार नाही. सोबत प्रोजेक्ट मॅनेजरला दोन ओळींचा मेल, 'हा शब्द सात वेगळ्या गोष्टींसाठी आलाय, यादी जोडलीय, क्लायंटच्या सर्व्हिस इंजिनियरकडून पार्टची नावं तपासून मिळाली तर बरं'. बहुतेक वेळा ते खूश होतात, कारण हा प्रश्न त्यांनाही मागच्या कोणीतरी भाषांतरकाराने न सांगता सोडलेला असतो. नाहीच ऐकलं तर मेल जपून ठेवा, क्लायंटची तक्रार आली की दाखवायला होतो.

आणि शक्य असेल तर एक करा, जवळच्या एमआयडीसीत नाहीतर मोटर रिवाइंडिंगच्या दुकानात अर्धा तास जाऊन या, पार्टच्या चित्रांची प्रिंट घेऊन जा, आणि 'याला काय म्हणता?' एवढंच विचारा. इंग्रजी नाव आधी सांगू नका, नाहीतर ते भिडेखातर हो म्हणतात. मी एकदा अशीच गेले होते तर एका फिटरने माझ्या यादीतले चार शब्द खोडले, दोन नवे सांगितले आणि लँटर्न रिंगच्या चित्रावर बोट ठेवून म्हणाला, 'ही होय, ही आम्ही काढून ठेवतो ओ मॅडम, बसवताना लक्षातच राहत नाही.' तेव्हा त्या पानावर 'लँटर्न रिंग परत बसवल्याची खात्री करा' अशी एक ओळ मी क्लायंटला विचारून वाढवली. तुमच्या मॅन्युअलमध्ये ती आहे का बघा जरा.